शिंपल्यातलं तापमान वाचण्याआधी गोव्याचं पाणी वाचा

तिसऱ्यांचं शिंपलं, दोडयाऱ्याच्या (ढोमी माशाच्या) डोक्यातला पांढरा खडा, मुशीचा (शार्कचा) दात. हे जीव ज्या पाण्यात वाढले त्या पाण्याच्या तापमानाची खूण या तिन्हींत राहते. ती खूण वाचून शेकडो, हजारो, क्वचित कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र किती ऊन किंवा किती थंड होता, हे ठरवण्याची पद्धत गेल्या पाऊणशे वर्षांत जगभर रुळली आहे. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोच्या सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आणि ताळगावच्या पठारावर विद्यापीठ असलेल्या गोव्यात हे शिकायला खरं तर सगळं हाताशी आहे.

हा लेख पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, विज्ञानाच्या शिक्षकांसाठी आणि नमुने गोळा करण्यात मनापासून रस असलेल्या कुणासाठीही आहे. अणू-रेणूंचं वजन मोजणारं मोठं यंत्र (मास स्पेक्ट्रोमीटर) तुमच्याकडे नसलं तरी बिघडत नाही, ते भाड्याने किंवा सहकार्याने मिळतं. यंत्रात जाणारी कवचाची चिमूटभर भुकटी कुठून आली, कुठल्या पाण्यात तयार झाली, याची नोंद मात्र दुसरं कुणी करून देणार नाही. म्हणून माझा आग्रह पहिल्यापासून एकच आहे: गोव्यात या कामाची सुरुवात शिंपल्यापासून करू नका, पाण्यापासून करा. का, ते सूत्र समजलं की लगेच कळेल.

मूळ सूत्र

ऑक्सिजनचे तीन स्थिर समस्थानिक, म्हणजे वजनाने वेगळे असलेले अणूंचे प्रकार, आहेत. ऑक्सिजन-१६ सुमारे ९९.७६ टक्के असतो, जड असलेला ऑक्सिजन-१८ सुमारे ०.२ टक्के. ऑक्सिजन-१७ इतका थोडा की इथे तो बाजूला ठेवू. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातला ऑक्सिजन प्राणी भोवतालच्या पाण्यातून घेतो. पाणी जितकं थंड, तितका कवचात ऑक्सिजन-१८ चा वाटा किंचित वाढतो. जड हायड्रोजनच्या शोधासाठी १९३४ चं नोबेल मिळालेल्या हॅरल्ड युरी यांनी १९४७ साली हे गणिताने मांडलं आणि यातून जुनं तापमान काढता येईल असं सुचवलं. शिकागोतल्या त्यांच्या गटात सॅम्युअल एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी माहीत असलेल्या तापमानाच्या पाण्यात वाढलेली कवचं तपासून १९५३ पर्यंत तापमानाची पट्टी बसवली. दरम्यान १९५१ मध्ये याच गटाने माणक्यांच्या (स्क्विडच्या) नात्यातल्या, आता नामशेष झालेल्या बेलेम्नाइट नावाच्या प्राण्याचा ज्युरासिक काळातला अवशेष थराथराने खरवडला आणि त्यात तीन उन्हाळे व चार हिवाळे मोजले. पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या एका जिवाचे ऋतू असे मोजता येतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हे प्रमाण थेट टक्क्यांत सांगत नाहीत. एका ठरलेल्या मानकापेक्षा नमुना हजारात कितीने जड किंवा हलका आहे ते सांगतात, आणि त्या आकड्याला डेल्टा म्हणतात. शिंपल्यासाठी व्हीपीडीबी हे मानक वापरतात, पाण्यासाठी व्हीएसमॉव. या दोन पट्ट्यांत हजारी तीसच्या आसपास अंतर आहे, त्यामुळे प्रयोगशाळेकडून आलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी पट्टीचं नाव लिहिलेलं आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसऱ्यांचं कवच अ‍ॅरागोनाइट या खनिजाचं असतं. त्यासाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं, १९८६ साली ग्रॉसमन आणि कू यांनी दिलेलं सूत्र असं:

तापमान = २०.६ − ४.३४ × (शिंपल्याचा डेल्टा − (पाण्याचा डेल्टा − ०.२७))

आकडे घालून पाहू. शिंपल्याचा डेल्टा −१.५ आला आणि पाणी +०.५ होतं असं धरलं, तर कंसातला फरक −१.७३ येतो आणि तापमान २८.१ अंश सेल्सिअस. गोव्याच्या समुद्राला शोभणारा आकडा. आता हेच शिंपलं नदीच्या मुखाशी वाढलं होतं असं समजा, जिथे समुद्राचं +०.५ चं पाणी आणि नदीचं, समजा, −२.५ चं पाणी निम्मंनिम्मं मिसळलं होतं. मग पाण्याचा डेल्टा −१ होतो, आणि तेच −१.५ चं शिंपलं २१.६ अंश सांगतं. शिंपला तोच, यंत्र तेच, आणि फरक साडेसहा अंशांचा. समीकरण एकच आहे आणि अज्ञात गोष्टी दोन आहेत, तापमान आणि पाणी. दुसरी माहीत नसेल तर पहिली मिळत नाही.

गोव्याचं पाणी एकसारखं नाही

भूमध्य समुद्रावर किंवा खुल्या महासागरातल्या बेटावर काम करणाऱ्याला ही अडचण थोडी भेडसावते. आपल्याला ती पुरती भेडसावते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. या काळात मांडवी-जुवारीच्या मुखापर्यंत खारटपणा घसरतो. मे महिन्यात याच्या उलट, समुद्राचं खारं पाणी नदीत कित्येक किलोमीटर आत शिरलेलं असतं. दोन्ही नद्या कुंभारजुवे कालव्याने जोडलेल्या आहेत, त्यामुळे एका नदीचा हिशेब दुसरीला सोडून करता येत नाही. शिवाय दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, म्हणजे एकाच जागचं पाणी सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं.

किनाऱ्याबाहेरची गोष्ट आणखी मनोरंजक आहे. समुद्रविज्ञान संस्थेचं कांदोळीसमोर एक निरीक्षण स्थानक आहे, तिथे १९९७ पासून वर्षानुवर्षं पाण्याच्या नोंदी होत आल्या आहेत. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर खोल पाणी वर सरकतं. हे पाणी थंड, खारं आणि ऑक्सिजनला मुकलेलं असतं. वरून पावसाचं आणि नद्यांचं हलकं, ऊबदार, कमी खारं पाणी त्यावर झाकणासारखं बसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाजवळ तापमान पंचविशीच्या खाली उतरलेलं असताना पृष्ठभागावर मात्र पोहायला सुखाचं ऊबदार पाणी असतं. हे स्थानक मोठ्या खोलीवर नाही, तिथे तळ जेमतेम पंचवीस-सत्तावीस मीटरवर आहे. म्हणजे एवढ्याशा उंचीत दोन वेगळे समुद्र एकावर एक असतात. तळाशी राहणारा मासा आणि नदीकाठच्या चिखलातली तिसरी एकाच दिवशी जन्मल्या असल्या तरी वेगवेगळी गोष्ट नोंदवतात, आणि दोघीही खरं तेच सांगतात.

पहिलं वर्ष पाण्याचं आणि जिवंत तिसऱ्यांचं

जुन्या अवशेषाला हात लावण्याआधी एक पूर्ण वर्ष, पावसाळा धरून, आजच्या पाण्यावर घालवा. हे वाया जातं असं नवख्यांना वाटतं. माझ्या मते पुढच्या सगळ्या वर्षांपेक्षा हेच मोलाचं.

एकच जागा निवडा, जिथे तिसऱ्या नियमित मिळतात आणि तुम्हाला पावसातही पोचता येतं. ०.१ अंश दाखवणारा थर्मामीटर आणि खारटपणा मोजणारं हातातलं मीटर घ्या. जमलं तर तापमान आपोआप नोंदवणारा छोटा लॉगर दोरीने बांधून तळाशी ठेवा. त्याला जाग्यावर राखणं हेच मोठं काम, कारण जाळी आणि होड्या दोन्ही तिथून जात असतात. स्थानिक लोकांना आधी सांगून ठेवलं तर तो टिकतो.

पाण्याचा नमुना वीस-तीस मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून घ्या. आत हवेचा बुडबुडा राहू नये. झाकण घट्ट लावून वरून टेप गुंडाळा आणि बाटली सावलीत, थंड जागी ठेवा. बाटलीतून पाणी उडालं तर हलका ऑक्सिजन आधी उडतो, उरलेलं पाणी जड होतं आणि तुमचा पाण्याचा आकडाच खोटा ठरतो. बाटलीवर तारीख, वेळ, भरतीची स्थिती, तापमान, खारटपणा, हे सगळं पुसलं न जाणाऱ्या शाईने लिहा. पावसाळ्यात पंधरवड्याला, एरवी महिन्याला, आणि दर खेपेला भरतीला एक व ओहोटीला एक असे दोन नमुने घ्या. वर्षाअखेरीस खारटपणा आणि पाण्याचा डेल्टा यांची जोडी आलेखावर मांडली की बहुधा एक सरळ रेष उभी राहते. ती रेष तुमच्या खाडीची. दुसऱ्या खाडीची किंवा परदेशातली उसनी घेऊ नका.

त्याच दिवशी आठ-दहा जिवंत तिसऱ्या घ्या. स्वतः चिखलात शोधत बसण्यापेक्षा तिथे रोज तिसऱ्या काढणाऱ्या बायांकडून घ्या आणि त्यांच्याशी बोला. कुठल्या भाटावर पुरानंतर तिसऱ्या मरतात, कुठल्या वर्षी उशिरा भरल्या, नवं पिल्लू कधी दिसतं, हे त्यांना पाठ असतं, आणि कवचातल्या रेघेचा अर्थ लावताना हीच माहिती कामाला येते. त्यांचं नाव न विचारता नुसती माहिती वापरण्याची पद्धत आपल्याकडे पडली आहे. ती बरी नाही. नोंदवहीत, त्यांची परवानगी असेल तर, कुणी सांगितलं हेही लिहा.

तिसऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट लवकरच लक्षात येईल. भर पावसात पाणी फार गोडं झालं की तिसरी झडपा मिटून घेते आणि वाढ थांबते. म्हणजे कवचात ते आठवडे नोंदलेच जात नाहीत, तिथे फक्त एक गडद रेघ दिसते. शिंपल्याने दिलेली वर्षाची सरासरी ही खरी वर्षाची सरासरी नसते, वाढीच्या महिन्यांची असते. हे तपासायला जिवंत तिसऱ्यांना कॅल्सीन या रंगद्रव्याच्या द्रावणात काही तास ठेवून परत पिंजऱ्यात सोडतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तो दिवस हिरवा चमकतो आणि त्यापुढे किती वाढ झाली ते मोजता येतं. हे प्रशिक्षित माणसाबरोबर करा.

कुठला जीव निवडायचा

नदीमुखाची तिसरी स्वस्त आणि मुबलक, पण ती फार वर्षं जगत नाही आणि तापमानाइतकाच पावसाचा हिशेब सांगते. आइसलँडजवळ २००६ साली काढलेल्या एका शिंपल्याचं वय ५०७ वर्षं निघालं, त्या थंड समुद्रात एकाच कवचातून शतकांची सलग नोंद मिळते. आपल्याकडे तशी आशा नको. इथे अनेक छोट्या आयुष्यांचे तुकडे घ्यावे लागतात. तुम्हाला पावसाळ्याचा जोर शोधायचा असेल तर नदीमुखाची तिसरीच योग्य, तिला तापमानाच्या कामाला जुंपू नये. तापमानच हवं असेल तर नदीपासून दूर, खुल्या किनाऱ्यावरच्या खडकांत वाढणारा जीव किंवा तळाजवळचा मासा निवडा.

कालवांचं कवच मुख्यतः कॅल्साइटचं असतं, तिसऱ्यांचं अ‍ॅरागोनाइटचं. रासायनिकदृष्ट्या दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, पण त्याच पाण्यात, त्याच तापमानाला अ‍ॅरागोनाइटचा डेल्टा सुमारे ०.६ ने जास्त येतो. म्हणून कॅल्साइटला वेगळं सूत्र आहे: १६ − ४.१४ × फरक + ०.१३ × फरकाचा वर्ग, जिथे फरक म्हणजे शिंपल्याचा डेल्टा वजा पाण्याचा. मघाचेच −१.५ आणि +०.५ हे आकडे यात घातले तर २४.८ अंश येतात, अ‍ॅरागोनाइटच्या सूत्राने २८.१ आले होते. खनिज न तपासता सूत्र लावलं तर तीन अंश असे सहज हरवतात.

जुनं शिंपलं कुठे मिळेल

इथे गोव्याला काही खास संधी आहेत आणि तितकेच खास सापळे.

पहिला सापळा जुन्या भिंतींचा. गोव्यातली चर्च, देवळं, जुनी घरं यांच्या चुन्यासाठी शिंपले भाजत. गिलाव्यात पांढरे तुकडे दिसले की ते शिंपले आहेत म्हणून उचलण्याचा मोह होतो. भट्टीत कवचातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना नंतर हवेतला वायू शोषून पुन्हा कार्बोनेट बनतो. त्या कार्बोनेटचा समुद्राशी संबंध संपलेला असतो. अर्धवट भाजलेला तुकडासुद्धा नको.

दुसरी गोष्ट खिडक्यांची, आणि ही मला फार जवळची वाटते. जुन्या गोवेकर घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेली पारदर्शक शिंपल्यांची तावदानं म्हणजे प्लाकुना प्लासेंटा या शिंपल्याच्या झडपा. जुवारीच्या मुखाजवळ, चिखली आणि नावशीच्या उपसागरात तो आजही आहे. त्याचं कवच जवळजवळ शुद्ध कॅल्साइटचं. म्हणजे दुरुस्तीत काढून टाकलेलं प्रत्येक फुटकं तावदान हा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या खाडीचा नमुना असू शकतो. पण सावध राहा. घर जुनं म्हणून तावदान जुनं असं होत नाही, फुटलेली तावदानं पिढ्यान्‌पिढ्या बदलत आली आहेत. चौकोनी कापताना कवचाची कड आणि बिजागरीकडचा भाग निघून गेलेला असतो, त्यामुळे जिवाचा शेवटचा ऋतू कोणता हे सांगता येत नाही. वाढीच्या कमानदार रेघा मात्र उजेडात धरल्या की दिसतात, त्यावरून दिशा कळते. आणि शिंपला खाडीचा आहे, त्यामुळे पाण्याचा प्रश्न इथे सर्वांत तीव्र. दुरुस्ती करणाऱ्या सुतारांना टाकाऊ तुकडे घराच्या नावासह वेगळ्या पाकिटात ठेवायला सांगा. जिवंत शिंपले मात्र काढू नका, या जातीला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

खाजन शेतीच्या भागात विहीर किंवा तळी खणताना चिखलात शिंपल्यांचे थर लागतात. तिथे खोली, थराचा रंग, दोन्ही झडपा जोडलेल्या आहेत का, हे नोंदवा. जोडलेल्या झडपा म्हणजे जीव तिथेच मेला, वाहून आला नाही. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. पुरातत्त्व स्थळावरचं काहीही, अगदी जमिनीवर पडलेलं शिंपलंसुद्धा, परवानगीशिवाय उचलू नका. थरातून निसटलेल्या नमुन्याला वैज्ञानिक किंमत राहत नाही आणि १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याचा भंग होतो तो वेगळाच.

माशांचे खडे आणि दात

माशाच्या आतल्या कानात तोल सांभाळण्यासाठी खड्यांच्या तीन जोड्या असतात. त्यांना कर्णाश्म म्हणतात. तेही अ‍ॅरागोनाइटचे, आयुष्यभर थराथराने वाढतात आणि एकदा बसलेला थर शरीर परत विरघळवत नाही. झाडासारखी वर्षाची वलयं त्यांत असतात हे १८९९ पासून माहीत आहे, आणि १९७१ मध्ये पानेला यांनी रोजची वलयंही दाखवली. दोडयारे, म्हणजे घाटावर आणि कोकणात ज्यांना ढोमी म्हणतात ते, यांचे खडे एवढे मोठे की कापायला सोपे. शिंगाळ्याचेही मोठे, पण एक फरक लक्षात ठेवा: बहुतेक माशांत सॅजिटा ही जोडी सर्वांत मोठी असते, समुद्री शिंगाळ्यांत लॅपिलस. पुस्तकातलं चित्र समोर ठेवून सॅजिटा शोधत बसलात तर चुकीचा खडा हातात येईल. बांगड्याचा खडा पातळ आणि नाजूक, नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

उत्तर पेरूच्या किनाऱ्यावरच्या पुरातत्त्व स्थळांतून मिळालेल्या समुद्री शिंगाळ्यांच्या खड्यांवर २००२ साली काम झालं आणि काही हजार वर्षांपूर्वी तिथला समुद्र आजच्यापेक्षा तीन-चार अंश जास्त ऊन होता असं त्यातून निघालं. त्याच कुळाचे मासे आपल्या बाजारात रोज येतात. खड्यासाठी सूत्र निवडताना जवळच्या नात्यातल्या माशाचं घ्या. अटलांटिकमधल्या ढोमीच्या एका जातभाईवर १९९७ मध्ये बसवलेलं सूत्र दोडयाऱ्यासाठी सुरुवात म्हणून चालेल, पुढे आपल्याकडच्या माशावर ते तपासायलाच हवं. खड्यातला ऑक्सिजन पाण्याशी बऱ्यापैकी समतोलात असतो. कार्बन मात्र माशाच्या श्वसनातूनही येतो, त्यावरून तापमान काढू नका.

बाजारातून मासा कच्चा घ्या, खडे काढा, पाण्याने धुऊन वाळवा आणि कागदाच्या पाकिटात ठेवा. फॉर्मलिनमध्ये कधीही ठेवू नका, त्यात खडे झिजतात. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांचे ताजे नमुने मिळत नाहीत. पण ऑगस्टमध्ये पकडलेल्या माशाच्या खड्याची बाहेरची कड त्याच दोन महिन्यांत वाढलेली असते, ती पातळ कड जपून खरवडा. मासा फिरता आहे, तळाजवळचा आहे की वरचा, नदीत शिरतो का, हे मासेमारांना विचारून आधीच लिहून ठेवा. शिंगाळा खाडीत येजा करतो, म्हणून त्याच्या खड्यातले काही थर समुद्राचे आणि काही खाडीचे असू शकतात.

पुरातत्त्व स्थळावरचा खडा बहुधा कुणाच्या तरी जेवणातला असतो. उकडल्याने फारसं बिघडत नाही. थेट विस्तवावर भाजल्याने खनिज आणि समस्थानिक दोन्ही बदलू शकतात, म्हणून करड्या, काळपट, तडकलेल्या खड्यांना बाजूला काढा.

फार जुन्या, लाखो-कोटी वर्षांच्या काळासाठी मुशी आणि इतर माशांचे दात अधिक भरवशाचे. त्यांवरचा चकचकीत थर फॉस्फेटचा असतो आणि फॉस्फेटमधला ऑक्सिजन मातीत सहजी बदलत नाही. हाड आणि दाताचा आतला भाग मात्र सच्छिद्र, तो बदलतो. फॉस्फेट सिल्व्हर फॉस्फेटच्या रूपात वेगळं करावं लागतं, हे प्रयोगशाळेचं काम आहे, घरी करण्याचं नाही.

साफसफाई, काप, भुकटी

मऊ ब्रश आणि डिस्टिल्ड पाणी, एवढंच. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर लावून शिंपला चकचकीत करणं म्हणजे वरची कित्येक महिन्यांची नोंद विरघळवणं.

मग खनिज बदललं आहे का ते पाहा. अ‍ॅरागोनाइटच्या शिंपल्यात कॅल्साइट सापडलं तर कवच पुन्हा स्फटिकं बनून बदललेलं आहे. फायगल रंगद्रावणाने अ‍ॅरागोनाइट काळं पडतं, कॅल्साइट पडत नाही. खात्रीसाठी एक्स-रे विवर्तन. मूळच्या कॅल्साइटच्या कवचासाठी कॅथोडोल्युमिनेसन्स (इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून चमक पाहण्याची पद्धत) वापरतात, मातीतून मँगनीज शिरलेलं असेल तर ते नारिंगी चमकतं. बदललेला नमुना कितीही दुर्मीळ असला तरी तापमानासाठी सोडून द्या.

चांगला नमुना इपॉक्सीमध्ये बसवून, हळू फिरणाऱ्या हिऱ्याच्या करवतीने वाढीच्या दिशेने, बिजागरीपासून कडेपर्यंत कापा आणि घासून गुळगुळीत करा. सूक्ष्म ड्रिलने वाढीच्या रेघांना समांतर ओळीओळीने भुकटी घ्या. एका वेळी पन्नास ते शंभर मायक्रोग्रॅम पुरते. ड्रिल हळू चालवा, तापलं तर अ‍ॅरागोनाइट बदलू लागतं. दोन ओळींमधलं अंतर लिहून ठेवा. ऋतू पकडायचे असतील तर एका वर्षाच्या वाढीत किमान दहा-बारा ओळी हव्यात, नाहीतर उन्हाळा आणि पावसाळा एकाच भुकटीत मिसळतात आणि आलेख सपाट दिसतो.

प्रयोगशाळेत या भुकटीवर फॉस्फोरिक आम्ल टाकून निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात. तुमच्या नमुन्यांबरोबर मानक नमुनेही किती आणि कोणते चालवले, आणि त्यांची पुनरावृत्ती कशी आली, हे मागून घ्या. साधारण ०.१ हजारीची अनिश्चितता अपेक्षित आहे, म्हणजे जवळपास अर्धा अंश. ही फक्त यंत्राची. पाण्याच्या डेल्टाची अनिश्चितता तुमच्या पहिल्या वर्षाच्या रेषेवरून काढा, आणि ती बहुतेक वेळा यंत्रापेक्षा मोठी निघेल.

पाण्याचा तिढा सोडवणारी एक नवी वाट आहे. २००६ पासून कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमधून पुढे आलेल्या क्लम्प्ड समस्थानिकांच्या पद्धतीत जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांशी किती वेळा जोडले गेले हे मोजतात. हे तापमानावर ठरतं, पाण्यावर नाही. यात नमुना जास्त लागतो, मिलिग्रॅममध्ये, आणि अनिश्चितता दोन-तीन अंशांची राहते. तरीही खाडीच्या शिंपल्यासाठी ती अनमोल आहे, कारण यातून तापमान मिळालं की मूळ सूत्र उलटं वापरून जुन्या पाण्याचा डेल्टाही काढता येतो.

वय ठरवणं

हजारो वर्षांच्या नमुन्यांसाठी रेडिओकार्बन, म्हणजे किरणोत्सारी कार्बन किती उरला ते मोजून वय काढण्याची पद्धत. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रात त्यासाठीची प्रवेगक सुविधा आहे. समुद्रातला कार्बन हवेपेक्षा शेकडो वर्षं जुना दिसतो, आणि आपल्या किनाऱ्यावर वर येणारं खोल पाणी त्यात भर घालतं. ही दुरुस्ती ठिकाणानुसार बदलते. १९५० च्या आधी, माहीत असलेल्या साली गोळा होऊन संग्रहालयात पोचलेले शिंपले त्यासाठी वापरतात. म्हणून एखाद्या जुन्या शाळेच्या किंवा घराच्या कपाटात साल लिहिलेलं शिंपलं असेल तर त्याची चिठ्ठी फेकू देऊ नका. तावदानांच्या वयाला रेडिओकार्बन मोजकंच मदत करतं, गेल्या तीनेक शतकांत त्याची उत्तरं संदिग्ध येतात. १९५० नंतरच्या अणुचाचण्यांचा कार्बन कवचात आहे की नाही एवढं ते निश्चित सांगतं, आणि तावदान त्याआधीचं की नंतरचं हे कळणंही पुष्कळ आहे.

हिमयुगाच्या काळात मागे गेलात तर आणखी एक दुरुस्ती. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, हलका ऑक्सिजन बर्फात अडकलेला होता आणि सगळा महासागर सुमारे १ हजारीने जड होता. ही दुरुस्ती विसरली तर समुद्र चार अंशांनी जास्त थंड झालेला दिसतो.

निकाल लिहिताना तापमानाआधी मूळ डेल्टा द्या, मग पाण्याचा कोणता आकडा धरला तो, मग सूत्र. उद्या कुणी जुवारीच्या पाण्याची अधिक चांगली रेष काढली तर तुमचे जुने आकडे परत वापरता आले पाहिजेत. तिसऱ्यांच्या दोन झडपा असतात आणि माशांचे खडे जोडीने असतात. एक कापा. दुसरा, न कापलेला, चिठ्ठीसह कोरड्या डबीत ठेवा आणि तो कुठे ठेवला हे निकालाच्या पहिल्या पानावर लिहा.